मान खाली जाते तो पाय चांगला

वरातीतली घोडी लंगडते आहे का, हे वरातीत ओळखता येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात महाल, इतवारी, सक्करदऱ्याच्या रस्त्यांवर बँडमागून घोड्या दिसू लागतात. पाठीवर नवरदेव, त्याच्या पुढ्यात एखादा पेंगुळलेला भाचा, अंगावर जरीची झूल, कपाळावर तुरा आणि तोंडाशी लगाम घट्ट धरलेला माणूस. घोडी दहा पावलं चालते, नाचणाऱ्यांसाठी थांबते, पुन्हा दहा पावलं चालते. दोनशे माणसं तिच्याभोवती असतात. त्यांतल्या एकालाही तिचा पाय दुखतोय हे कळणार नाही. अनुभवी पशुवैद्याला उभं केलं तरी तो इतकंच म्हणेल की हिला जरा बाहेर काढा, झूल उतरवा आणि पळवून दाखवा.

त्याचं कारण घोड्याच्या चालण्यातच आहे. चालताना घोड्याचे पाय एकामागून एक चार ठोक्यांत पडतात. कोणत्याही क्षणी दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात आणि वजन वाटून घ्यायला सवड मिळते. शिवाय धडधाकट घोडाही चालताना मान वरखाली करतोच. म्हणून मान हलतेय यावरून काही ठरवता येत नाही. त्यात लगाम आखडून धरला की उरलीसुरली खूणही बुजते. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात मागे पडलेला आधी खाल्ला जातो, त्यामुळे दुखणं उघड न करण्याची सवय त्याच्या रक्तात आहे. थोडक्यात, वरात म्हणजे लंगडेपण लपवण्यासाठी मुद्दाम मांडलेला देखावाच म्हणा ना. तसा कुणाचा हेतू नसतो, एवढंच.

ओळखायचं तर घोड्याला दुडकी धरायला लावायची. दुडकीत पाय जोडीनं पडतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. ठोके दोनच, सारख्या अंतरानं, आणि दोन ठोक्यांच्या मधे चारही पाय क्षणभर हवेत. या चालीत डावी-उजवी बाजू एकमेकींची हुबेहूब नक्कल करतात, म्हणून कुठल्या बाजूनं खोट केली ते उघडं पडतं. पुढच्या प्रत्येक पायावर या चालीत क्षणभर जवळपास पूर्ण अंगाचं वजन येतं. दुखऱ्या पायाला ते नको असतं. तो जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो आणि तेवढा भार हलका करतो. चांगला पाय टेकला की मान खाली सोडतो. नव्या विद्यार्थ्यांची इथंच गल्लत होते. त्यांना वाटतं, ज्या पायावर मान खाली गेली तोच दुखरा. खरं नेमकं उलट आहे.

मागच्या पायांचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. तिथं पुठ्ठ्याकडे पाहायचं असतं. घोड्याच्या मागे उभं राहिलं की दोन्ही बाजूंचे पुठ्ठे आळीपाळीनं वरखाली होताना दिसतात. दुखऱ्या बाजूचा जास्त हिसका खातो, जास्त हलतो. पण मागचा डावा पाय दुखत असेल, तर घोडा तो टेकताना अंगाचा भार पुढं ढकलतो, म्हणजे मान खाली टाकतो. त्याच क्षणी पुढचा उजवा पाय जमिनीवर असतो. पाहणारा म्हणतो, मान उजव्यावर खाली गेली, म्हणजे पुढचा डावा लंगडा. दुखणं मागं आणि संशय पुढं, अशी फसगत मोठमोठ्यांची होते.

डोळ्यांबरोबर कानही लागतात. कठीण जमिनीवर घोडा पळवला की चांगल्या पायाची टाप खणखणीत वाजते, दुखऱ्याची दबकी. ठोक्यांतलं अंतरही बिघडतं. या एका बाबतीत नागपूरची सोय उत्तम आहे. गेल्या काही वर्षांत या शहरानं डांबर उखडून सिमेंटचे रस्ते घालण्याचा जो सपाटा लावला, त्यानं घोड्याच्या सांध्यांचं भलं केलं नाही. सिमेंट धक्का गिळत नाही, तो पायाला परत देतं, आणि गुळगुळीत झालेल्या नालेला त्यावर पकडही मिळत नाही. पण लंगडेपण ऐकायला याहून चांगली जमीन नाही. पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आत, रिकाम्या सिमेंट रस्त्यावर तीस-चाळीस मीटर घोडा सरळ पळवावा आणि डोळे मिटून ऐकावं. नंतर तोच घोडा मैदानातल्या मऊ मातीवर पळवावा. कठीण जमिनीवर जास्त लंगडला तर संशय खुरावर किंवा सांध्यावर, मऊ मातीत जास्त लंगडला तर स्नायू-शिरांवर. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण सुरुवात इथून होते.

नागपुरात पशुवैद्यकाचं शिक्षण १९५८ पासून आहे. सेमिनरी हिल्सच्या परिसरातलं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय तेव्हा सुरू झालं, आणि २००० साली महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहराला मिळालं. अस्थिशल्य आणि लंगडेपण हा पदवीच्या अभ्यासक्रमातला रीतसर विषय. मात्र या शहरात दवाखान्याच्या दाराशी रांग लागते ती कुत्र्यांची, गाईंची, शेळ्यांची. घोड्याची मान पाहून पाय ओळखणं हे पुस्तकातून शिकता येत नाही. शेकडो घोडे पळताना पाहावे लागतात. मुंबई-पुण्यात रेसकोर्सच्या तबेल्यांत रोज पहाटे ती संधी असते. विदर्भातल्या तरुण डॉक्टरानं ती कुठून मिळवायची?

आणि मिळाली तरी डोळा किती भरवशाचा, हा प्रश्न उरतोच. नागपुरातल्या झिरो माईलच्या खांबापाशी जे चार घोडे उभे केलेत, त्यांच्याकडे पाहून मला नेहमी चित्रकारांची कीव येते. हजारो वर्षं माणसानं घोडे पाहिले, चितारले, त्यांवर बसून राज्यं जिंकली, आणि भरधाव घोड्याचे पाय नेमके कसे पडतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढचे दोन पुढं आणि मागचे दोन मागं ताणलेले, असा उडता घोडा सगळे काढत राहिले. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिजनं १२ कॅमेरे ओळीनं मांडले आणि लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांची छायाचित्रं घेतली. दौडत्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात हे खरं निघालं, पण ते ताणलेले नव्हे, पोटाखाली गोळा झालेले. मायब्रिज या कामात पडला तो मुळी दुडकीतल्या प्रश्नापायीच: दुडकीत घोडा जमीन पूर्ण सोडतो की नाही? लंगडेपणाच्या तपासाचा अख्खा डोलारा आज ज्या चालीवर उभा आहे, त्या चालीचंच उत्तर माणसाच्या डोळ्याला देता आलं नव्हतं.

दुडकीत प्रत्येक टाप सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात येऊन जाते. तेवढ्यात मानेच्या दोन हेलकाव्यांतला सेंटिमीटरभर फरक टिपायचा असतो. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाचे केव्हिन कीगन यांनी २०१० साली या डोळ्याचीच परीक्षा घेतली. १३१ घोडे, प्रत्येकाला अनेक अनुभवी घोडावैद्यांनी वेगवेगळं तपासायचं. घोडा बऱ्यापैकी लंगडत असेल तर अमुक पाय लंगडा आहे की नाही, यावर डॉक्टरांचं ९३ टक्के वेळा जमलं. लंगडेपण सौम्य असेल तर ६२ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं, हे लक्षात घेतलं की तो आकडा बोचतो. आणि उपचाराचा उपयोग नेमका सौम्य असतानाच सर्वांत जास्त.

डोळ्याला मनाचीही बाधा होते. दुखणं पायात कुठं आहे हे शोधायला डॉक्टर भूल देतात. खुरापासून सुरुवात करून, एकेक मज्जातंतू बधिर करत वर सरकायचं. दर वेळी काही मिनिटं थांबून घोडा पुन्हा दुडकीनं पळवायचा. लंगडणं थांबलं की समजायचं, दुखणं आत्ता बधिर केलेल्या भागात आहे. ही पद्धत जुनी आणि उत्तम. पण २००६ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात असं दिसलं की भूल दिलेली आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना घोड्याच्या चालीत जास्त सुधारणा ‘दिसली’. ज्यांना ते सांगितलं नव्हतं त्यांना कमी. घोडे तेच, पळणं तेच.

म्हणून यंत्रं आली. आधी आली ती जमिनीत बसवलेली भारमापक फरशी. घोड्याचा पाय तिच्यावर पडला की किती जोर आला ते नेमकं कळतं, पण पाय फरशीवर पडला तरच, आणि एका फेरीत एखाददुसरं पाऊल. प्रयोगशाळेबाहेर तिचा उपयोग नाही. कीगन आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. एक सेन्सर घोड्याच्या डोक्यावर, एक पुठ्ठ्याच्या मध्यावर, एक पुढच्या उजव्या पायाला, खुराच्या जरा वर. आगपेटीएवढे हे सेन्सर सेकंदाला २०० वेळा नोंद घेतात. पायावरचा सेन्सर सांगतो की आत्ता कोणता पाय जमिनीवर आहे. डोक्यावरचा सांगतो की त्या वेळी मान किती खाली गेली, किती वर आली. वीस-पंचवीस पावलांची सरासरी काढली की डाव्या-उजव्यातला फरक मिलिमीटरमध्ये हाती येतो. डोक्यासाठी ६ मिलिमीटर आणि पुठ्ठ्यासाठी ३ मिलिमीटर, ही सुरुवातीपासूनची सीमारेषा. तीन मिलिमीटर म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढी जाडी. कुठलाही डोळा पळत्या घोड्यात हे पाहू शकत नाही.

पुढची पायरी आली स्वीडनमधून. तिथल्या कृषी विद्यापीठातल्या एलिन हर्नलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्लेइप’ नावाचं ॲप काढलं. घोड्याला काहीच बांधायचं नाही. साध्या मोबाइलनं त्याच्या पळण्याचा व्हिडिओ घ्यायचा, आणि डोकं, पाठ, पुठ्ठा, खूर यांचे बिंदू संगणक स्वतःच शोधून त्यांचा मार्ग आखतो. सेमिनरी हिल्सवरच्या डॉक्टरला शेकडो घोडे पाहायला मिळत नाहीत ही अडचण खरी असेल, तर तिच्यावरचा तोडगा त्याच्या खिशात येऊन पडला आहे, असं वाटून जातं.

इथवर वाचून यंत्राची आरती ओवाळावीशी वाटेल. पण यंत्र दुखणं मोजत नाही. ते फक्त डाव्या-उजव्यातला फरक मोजतं, आणि या दोहोंत केवढी दरी आहे ते स्वीडनमध्येच कळलं. २०१७ साली तिथल्या संशोधकांनी २२२ घोडे तपासले. सगळे नियमित कामातले, मालकांच्या मते पूर्ण निरोगी. त्यांतले ७२.५ टक्के घोडे सीमारेषेच्या पलीकडे निघाले. आता याला काय म्हणायचं? इतके सगळे घोडे गुपचूप दुखणं सोसत होते, की माणसासारखे घोडेही डावखुरे-उजवखुरे असतात? त्यावर वाद आहे आणि तो मिटलेला नाही. फरक सापडला म्हणजे पुढं तपासा, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा, असं शहाणे डॉक्टर म्हणतात. निदान करणं हे मिलिमीटरचं काम नव्हे.

नागपूरच्या घोड्यांच्या दृष्टीनं उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. फरक मोजणारं यंत्र, दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर काय सांगेल? काहीच नाही. दोन्ही चपलांत खडा असलेला माणूस लंगडत नाही, तो जपून, आखूड पावलं टाकतो. पुढचे दोन्ही खूर दुखणारा घोडा तसाच चालतो. मान सरळ, ठोके सारखे, फक्त पावलाची लांबी कमी आणि सगळ्या अंगाला आलेला ताठरपणा. सेन्सरचा अहवाल स्वच्छ येतो. आणि दोन्ही पायांचं दुखणं कष्टकरी घोड्यांत अजिबात दुर्मीळ नाही. २००२-०३ मध्ये भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान, जॉर्डन आणि इजिप्त या देशांतली ४,९०३ कामाची जनावरं (घोडे, खेचरं, गाढवं) तपासली गेली. त्यांत तीन चतुर्थांशांहून जास्त जनावरांच्या पायांत व्यंग आणि चालीत दोष निघाला. तिकडे स्वीडनमध्ये मान सहा मिलिमीटर कलली की काय यावर वाद, आणि इकडे चार पायांपैकी तुलना करायला एक धड पाय शोधावा लागतो.

वरातीच्या घोडीचा एक खास आजार इथं सांगायला हवा, कारण तो प्रेमापोटी होतो. लग्नघरी घोडीला हरभऱ्याची डाळ आणि गूळ खाऊ घालण्याचा मान असतो. प्रत्येक वरातीत कुणी ना कुणी ताट पुढं करतं. एका संध्याकाळी दोन वराती असल्या तर दोन ताटं. घोड्याचं पोट चाऱ्यासाठी घडलेलं आहे. त्यात एकदम धान्य आणि गोड पडलं की मोठ्या आतड्यात आम्ल तयार होतं, विष रक्तात उतरतं आणि त्याचा परिणाम कुठं, तर खुरात. खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणारे नाजूक पदर सुजतात. कवच कडक, सुजेला जागा नाही, म्हणून वेदना भयंकर. बहुतेकदा पुढच्या दोन्ही पायांना. असा घोडा पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभा राहतो, वळताना कचरतो, खुरांना हात लावला तर गरम लागतात. हे ओळखायला सेन्सर नको, ताट परत पाठवण्याची हिंमत हवी. मुलाच्या मावशीला नाही म्हणणं घोडीवाल्याला किती जमेल, ते वेगळं.

दोन्ही बाजूंच्या दुखण्यासाठी मग घोड्याचं वागणं वाचावं लागतं. ब्रिटनच्या स्यू डायसन यांनी स्वारीच्या घोड्यांसाठी वेदनेच्या २४ खुणांची यादी केली आहे. कान मागं पडणं, डोकं झटकत राहणं, तोंड उघडं ठेवणं, शेपटी सारखी फटकारणं, अशा. आठ किंवा जास्त दिसल्या तर दुखणं आहे असं धरून चला, असं त्या सांगतात. ही यादी नागपुरी वरातीसाठी केलेली नाही, आणि बँडच्या कर्ण्याशेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही प्राण्याचे कान मागं पडतीलच. तरी ‘घोडी काय झक्कास मान उडवते बघ’ असं कौतुक कानावर पडलं की मला ती यादी आठवते.

लंगडेपण कळलं तरी पुढं काय, ही खरी अडचण मला वाटते, आणि ती जुनी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांच्याबरोबर १७४२ मध्ये थेट बंगालात काटव्यापर्यंत गेलेल्या स्वारांत ज्याचा घोडा वाटेत कामातून गेला, त्याचं पुढं काय झालं हे तो कोणाचा घोडा होता यावर ठरे. शिलेदाराचं सगळं भांडवल त्या चार पायांवर. आजचा घोडीवाला शिलेदार आहे. विमा नाही, बदली घोडी नाही, आणि वर्षाची कमाई मोजक्या मुहूर्तांच्या तिथींत व्हायची. डॉक्टर म्हणतो सहा आठवडे विश्रांती. सहा आठवड्यांत मोसम संपतो.

मग वेदनाशामक इंजेक्शन टोचून घेतलं जातं. घोडी चालू लागते, मान सरळ होते आणि दुखावलेल्या शिरेवर पुन्हा पूर्ण भार येतो.  

कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आजारी, जखमी किंवा कामाला नालायक जनावराला जुंपणं हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. गुळाची ढेपही त्याहून महाग. १९६५ चे नियम ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांबद्दल जास्त नेमके आहेत. दिवसात ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तिथं दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. नागपूरचा उन्हाळा ४५ च्या पुढं जातो. एप्रिल-मेच्या लग्नसराईत तो नियम इथं जवळजवळ रोजच लागू व्हायला हवा. भरदुपारी मंगल कार्यालयाच्या दारात घोडी उभी असेल तर तिची वेळ तपासायला कोणी येत नाही.

पैसा असला म्हणजे सगळं सुटतं असंही नाही. २०२३ च्या वसंतात अमेरिकेतल्या चर्चिल डाउन्स या नामांकित रेसकोर्सवर थोड्या आठवड्यांत १२ घोडे दगावले आणि शर्यती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. शर्यतीच्या घोड्याचं हाड बहुतेकदा एका चुकीच्या पावलानं मोडत नाही. आधी आठवडे-महिने बारीक तडे साठत असतात. म्हणून आता तिथं खोगिराच्या कापडात सेन्सर घालून भरधाव वेगातली चाल मोजतात आणि जो घोडा स्वतःच्या नेहमीच्या चालीपासून ढळला, त्याला शर्यतीआधी तपासणीला पाठवतात.

यातला ‘स्वतःच्या नेहमीच्या चालीपासून’ हा भाग नागपूरला फुकट उचलता येईल. घोडीला जगातल्या आदर्श घोड्याशी ताडून पाहण्याची गरज नाही, तिच्याच मागच्या महिन्याशी ताडायचं. आजकाल साध्या मोबाइलमध्येही संथगती चित्रीकरण असतं. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून दर दीडेक महिन्यानं नालबंदाकडे जावंच लागतं. तिची चाल टिपायला तोच मुहूर्त धरावा, आणि चित्रण जुनी नाल उपटण्याआधी करावं. एखादा खिळा आतल्या जिवंत भागाच्या फार जवळ ठोकला गेला, तर दोन दिवसांत घोडी तोच पाय उचलून धरते. अशा वेळी आधीचा व्हिडिओ हाताशी असला की खोट नालेत आहे की पूर्वीपासूनची, यावर नालबंदाशी भांडण होत नाही.

चित्रणाची रीत साधी आहे. झूल, खोगीर, तुरा काढायचा. सपाट, कठीण, सरळ रस्ता घ्यायचा. घोडी दुडकीनं एकदा दूर जाताना, एकदा समोरून येताना आणि एकदा बाजूनं टिपायची. चित्रण करणाऱ्यानं जागा सोडायची नाही. धावणाऱ्यानं तिच्या खांद्याच्या रेषेत राहायचं, पुढून ओढायचं नाही. दोर सैल सोडायचा, निदान हातभर झोळ दिसला पाहिजे, कारण दोर आखडला की मान हलत नाही आणि मान हलली नाही तर तो व्हिडिओ कोणत्याही डॉक्टरच्या उपयोगाचा नाही. तुळशीच्या लग्नाआधीच्या आठवड्यात, घोड्या रिकाम्या असतानाच, हे उरकता येतं. नंतर कोणाला वेळ नसतो.